तायडे मॅडम आणि विहिरींचे अहवाल

तायडे मॅडमच्या देखत ‘सेव्ह केलं’ असं म्हणायची आमच्या कॉलेजात कोणाची छाती नव्हती. एखादा नवा प्राध्यापक भाबडेपणानं म्हणून जायचा. मग मॅडम चष्मा कपाळावर चढवायच्या आणि विचारायच्या, “कुठी?”

“कॉम्प्युटरमध्ये, मॅडम.”

“थो कॉम्प्युटर कुठी हाय?”

“डिपार्टमेंटला.”

“आन थ्या डिपार्टमेंटचं छत गळते का नाई?”

यावर नवा माणूस हसायचा आणि तिथंच फसायचा. कारण मॅडम त्याला खरोखर हाताला धरून डिपार्टमेंटला न्यायच्या, छताची ओल दाखवायच्या, कॉम्प्युटरच्या मागं बसलेली पाल दाखवायच्या आणि मग आपल्या ग्रंथालयात परत येऊन, जणू काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं, बडीशेप पुढं करायच्या.

मलकापूरच्या आमच्या कॉलेजात त्या ग्रंथपाल होत्या. मी मराठी शिकवायचो. मॅडमचा बांधा ठेंगणा, इस्त्रीची सुती साडी, खांद्याला एवढी मोठी पिशवी की लांबून पिशवीच चालत येतेय असं वाटावं. आवाज मात्र स्टेशनवरच्या घोषणेसारखा. ग्रंथालयात शांतता राखा, ही पाटी त्यांच्याच डोक्यावर लटकत होती आणि ती पाटी वाचून दाखवायच्या निमित्तानं त्या सगळ्यात जास्त ओरडायच्या. वऱ्हाडी बोलण्याची त्यांना लाज तर नव्हतीच, उलट बाहेरचा पाहुणा आला की बोली अंमळ जास्तच घट्ट व्हायची. पुण्याच्या एका गृहस्थांनी एकदा कौतुकानं विचारलं, “तुम्ही घरीही असंच बोलता का हो?” मॅडम म्हणाल्या, “नाई बाप्पा. घरी तं याहून वाईट बोलतो.”

उन्हाळ्यात मलकापुरात भिंतीसुद्धा पोळतात. ग्रंथालय पहिल्या मजल्यावर, पश्चिमेला तोंड करून. तिथल्या सीड्या आणि हार्ड डिस्क त्या काळात मॅडम घरी घेऊन जायच्या. घर जुनं, मातीच्या जाड भिंतींचं, त्यातल्या त्यात गार. पापडाच्या मोठ्या स्टीलच्या डब्यात डिस्का भरायच्या, वर फडकं बांधायच्या आणि रिक्षात मांडीवर डबा घेऊन बसायच्या. गल्लीतल्या बायकांना वाटायचं, कॉलेजात मॅडम पापडाचा धंदा करतात. एकीनं तर ऑर्डरही दिली होती.

त्यांचं माहेर सोनाळ्याहून खाली, पूर्णेच्या अंगाला. खारपाणपट्टा. तिथल्या विहिरीला पाणी असतं, पण ते पाणी असून नसल्यासारखं. “आमच्या गावच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाई,” त्या सांगायच्या. “पाव्हणे आले की वरणासाठी दुसऱ्या गावाहून पाणी आणा लागे. नवरा पाहायले आला तवा माह्या मायनं पयले पाण्याची घागर आणली, मंग मले साडी नेसवली.” कुठंही गेल्या तरी आधी तिथलं पाणी चाखायच्या. मेहकरचं बरं, बुलडाण्याचं गोड, आमच्या स्टाफरूमच्या माठातलं ‘आळशी’. पाणी आळशी कसं असतं हे आम्हाला त्यांनी कधी उलगडून सांगितलं नाही.

या पाण्यामुळंच त्यांचा जीव एका वेगळ्या गोष्टीत अडकला होता. आमच्या रसायनशास्त्र विभागाचे काळे सर दरवर्षी उन्हाळ्यात विद्यार्थी घेऊन त्या पट्ट्यात फिरायचे, गावोगावच्या विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून आणायचे, तपासायचे आणि अहवाल लिहायचे. कोणत्या विहिरीत किती क्षार, किती वाढले, किती घटले. कोणी सांगितलं म्हणून नव्हे, पदरमोड करून. त्या अहवालांची एकेक प्रत ग्रंथालयात यायची. त्यात मॅडमच्या भावाची, रामदासदादांची विहीरही होती. दादा पुढं किडनीच्या दुखण्यानं गेले. पाण्यामुळंच गेले असं मॅडम कधी म्हणाल्या नाहीत. “आकडे पायजेत,” एवढंच म्हणायच्या आणि विषय बदलायच्या.

आमच्या भागात पेरणीच्या आधी शेतकरी घरच्या बियाण्याची उगवण पाहतो. मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, काही दिवसांनी उघडायचं, किती उगवले ते बघायचं. मॅडम मे संपता संपता कॉलेजातल्या डिस्कांची अशीच उगवण पाहायच्या. प्रत्येक डब्यातून डोळे मिटून काही डिस्का काढायच्या, पेन ड्राइव्ह काढायचे, आणि स्टाफमधला जो सापडेल त्याला कॉम्प्युटरपुढं बसवायचं. फाइल उघडली एवढ्यावर त्यांचं समाधान नसे. “उघडली म्हंजे उगवली नाई, सर. वाचून दाखवा.” मी मराठीचा माणूस, पण रसायनशास्त्राची कोष्टकं मी पाढ्यांसारखी म्हटली आहेत. एकदा कंटाळून मधली ओळ गाळली, तर कपाटाआडून आवाज आला, “पाटील सर, येक विहीर बुजवली तुमी!”

आम्ही या प्रकाराची टिंगल करायचो. त्यामागं काय होतं हे मला कळलं ते एका अर्धवट मीटिंगनंतर. मूल्यांकन समिती येणार होती. सगळे संशोधन अहवाल सुबक पेन ड्राइव्हमध्ये भरून मखमली डबीतून समितीला द्यायचे आणि कॉलेजातले डिस्कांचे जुने डबे निकालात काढायचे, असं प्राचार्यांच्या मनात होतं. संगणकाचे देशमुख सर, हुशार आणि सरळ माणूस, त्यांनी दुसरा मार्ग सुचवला, “सर, पेन ड्राइव्हही नको. सगळं क्लाऊडवर टाकू. जगात कुठूनही वाचता येईल.”

“कोनाच्या वावरात हाय थो ढग?” मॅडमनी विचारलं.

सगळे हसले. देशमुख मात्र हसले नाहीत. त्यांनी नीट सांगितलं की तो कोणाच्या तरी मोठ्या यंत्रांवर असतो, त्याचं भाडं असतं, भाडं थांबलं तर खातं थांबतं.

“मंग ठीक हाय,” मॅडम म्हणाल्या. “टाका ढगात. लोकाइले वाचाले बेस हाय थे. पण सर, बाजारात न्यायचा माल आन राखून ठेवायचं बी येका पोत्यात नसते भरत. वाटायले पेन ड्राइव्ह द्या, ढग द्या, काई बी द्या. राखायचं हाय थे मले येगळं पायजे. येक हार्ड डिस्कवर, दुसरं दुसऱ्या जातीच्या डिस्कवर, तिसरं चांगल्या कागदावर. तीन घरी. आन दर साली उगवण.”

“एवढं कशाला मॅडम? दोन कॉप्या पुरेत,” प्राचार्य म्हणाले.

मॅडम एकदम उठल्या आणि बाहेर गेल्या. बडीशेपही न देता. मी मागून ग्रंथालयात गेलो तर त्या खिडकीशी उभ्या होत्या. टेबलावर एक सीडी होती. “उजेडात धरून पाहा,” म्हणाल्या. मी धरली. सीडीतून पलीकडचं कडुलिंबाचं झाड दिसलं. चाळणीतून दिसावं तसं.

झालं होतं असं. बऱ्याच वर्षांपूर्वी काळे सरांच्या तोवरच्या कागदी अहवालांना वाळवी लागली. मॅडम तेव्हा तरुण, उत्साही. कॉलेजात नुकताच स्कॅनर आलेला. त्यांनी एकटीनं सगळी पानं स्कॅन करून सीड्यांवर उतरवली. प्रत्येकीच्या दोन प्रती. वाळवी बाकीच्या पुस्तकांत शिरू नये म्हणून कागदांचे गठ्ठे स्वतः उभं राहून मैदानात जाळायला लावले. सीड्या ओळखू याव्यात म्हणून गोल लेबलं कापली आणि चिकटवली. कशानं? तर ग्रंथालयाच्या खळीनं. मैद्याची खळ, कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद. पुस्तकबांधणीला हिच्यासारखी खळ जिल्ह्यात नाही अशी मॅडमची ख्याती होती. पुस्तकं त्या खळीनं वर्षानुवर्षं टिकली. सीडीचा चमकता थर मात्र लेबलाच्या अगदी खाली, नखाएवढ्या जाडीच्याही आत असतो. ओल आणि मोरचुदानं तो पापुद्र्यासारखा सुटला. दोन्ही प्रतींचा. दोन्हींना तीच खळ होती आणि दोन्ही एकाच कपाटात होत्या. वाचले ते त्यानंतरचे डिस्कवरचे अहवाल, आणि त्यांत मॅडमच्या गावच्या विहिरी नव्हत्या.

“कोनी मागितलेच नाई ना थे जुने अहवाल,” मॅडम म्हणाल्या. “मंग कळन कसं? येका पोरीनं मागितले तवा काढले. तवाच्या प्राचार्यांले सांगतलं तं म्हणे, जाऊ द्या मॅडम, कोन इचारते!”

“आणि गावात सांगितलंत?”

“नाई,” त्या म्हणाल्या. “दादा होता तवा सांगता आलं नाई. गेल्यावर काऊन सांगू, अशी मनाची समजूत घातली.”

त्यांना मी असं कधी पाहिलं नव्हतं. एरवी एका वाक्यात तीन जणांना गार करणारी बाई, आणि आता साडीचा पदर बोटाला गुंडाळत होती. मला वाईट वाटलं. मी आपला ‘होतं असं’ म्हणालो, जे कोणीही म्हणतं.

त्यांच्या निवृत्तीला वर्षभर उरलं असताना रामदासदादांचा मुलगा प्रकाश गवई कॉलेजात आला. चाळिशीचा, शेती करणारा, ग्रामपंचायतीचा सदस्य. गावानं गोड्या पाण्याच्या नळासाठी अर्ज केला होता. कार्यालयातले साहेब म्हणत होते, आत्ताचं पाणी खारं आहे ते दिसतंय, पण पूर्वीपासून असंच होतं का, वाढत गेलं का, त्याचा काही पुरावा आणा.

“आत्या, तुह्या कॉलेजात होते ना आपल्या विहिरींचे कागद? बाबा सांगे नेहमी. म्हणे, आपलं पाणी सुमनच्या कपाटात लिहून ठेवेल हाय.”

मी तिथंच वर्तमानपत्र वाचत होतो. उठावं की बसावं कळेना. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“होते,” त्या म्हणाल्या. “माह्या हातानं गेले.”

मग त्यांनी खळीपासून सगळं सांगितलं. काही वगळलं नाही, रडल्याही नाहीत. प्रकाश खाली मान घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, “मंग आता?”

“आता हुडकू,” मॅडम म्हणाल्या.

पुढच्या रविवारी मी आणि त्या मेहकरच्या बसमध्ये होतो. काळे सर निवृत्तीनंतर तिथं राहत. राजूरचा घाट चढताना मॅडम एक शब्द बोलल्या नाहीत, हे इतकं विशेष होतं की कंडक्टरनंही, “बाईची तब्येत बरी हाय ना?” म्हणून मला विचारलं. काळे सर थकले होते, पण हसरे होते. अहवालांच्या प्रती त्यांच्याकडं नव्हत्या. “कॉलेजात सुरक्षित आहेत म्हणून मी घरचे कागद ठेवलेच नाहीत,” ते म्हणाले. मॅडमनी ते वाक्य ऐकून घेतलं. मग सरांच्या पत्नीनं धान्याच्या कोठीमागून एक डबा काढला. त्यात कडुलिंबाच्या वाळक्या पाल्यात फ्लॉप्या होत्या. सरांनी त्या काळी आकडे त्यांच्यात भरले होते आणि बाईंनी गव्हाला लावतात तसा पाला घातला होता. पाल्यानं फ्लॉपीचं भलं झालं की नाही देव जाणे, पण मॅडमनी त्या बाईंना वाकून नमस्कार केला.

फ्लॉपी वाचणारं यंत्र आता कुठून आणायचं? देशमुख सरांनीच डोकं चालवलं. त्यांच्या ओळखीच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या मोजायच्या काट्याला एक जुनाट कॉम्प्युटर जोडलेला होता, फ्लॉपीचं तोंड अजून शाबूत असलेला. हंगाम नसल्यानं काटा रिकामा होता. आम्ही तिघं त्या पत्र्याच्या खोलीत जाऊन बसलो. देशमुख एकेक फ्लॉपी घालत. काही नुसत्याच खर्र खर्र करत आणि गप्प होत. काही उघडत. उघडली की काट्याच्या पावत्या छापणाऱ्या छपाईयंत्रातून भोकाभोकांच्या कडेचा लांबलचक कागद कुरकुरत बाहेर येई. नांदुऱ्याकडची गावं निघाली, जळगाव जामोदची निघाली. मॅडम प्रत्येक आकडा बोट ठेवून पाहत होत्या.

मग संग्रामपूर तालुक्याची फ्लॉपी लागली. पडद्यावर गावांच्या फाइलींची नावं उमटली. त्यांत मॅडमच्या माहेराचं नाव होतं. देशमुखांनी ते उघडायचा प्रयत्न केला. खर्र खर्र. पुन्हा केला. फ्लॉपी काढून, पुसून, पुन्हा घातली. नाव दिसत होतं, आतलं काही येत नव्हतं. देशमुखांच्या कपाळावर घाम आला. “मॅडम, अजून एकदा...”

मॅडम पडद्यावरच्या त्या नावाकडं बघत होत्या. “राहू द्या, सर,” त्या म्हणाल्या. “जास्त ताणली तं बाकीच्या गावाइचं बी जाईन. ज्या उघडून राह्यल्या थ्या आधी काढून घ्या.”

मग संध्याकाळपर्यंत त्या परक्या गावांचे आकडे तितक्याच लक्ष देऊन तपासत बसल्या. मला वाटत होतं, त्यांनी एकदा तरी टेबलावर हात आपटावा, निदान देशमुखांवर ओरडावं. त्या दिवशी त्यांच्याबद्दल माझ्या मनात जो आदर दाटून आला, तो मी त्यांना कधी बोलून दाखवला नाही, म्हणून इथं लिहितो.

निवृत्त झाल्यावर त्यांनी निरोपसमारंभ टाळला आणि देशमुखांना मात्र सोडलं नाही. सापडलेले सगळे अहवाल वेबसाइटवर चढले, दोन प्रकारच्या डिस्कांवर गेले, जाड कागदावर छापून तीन ठिकाणी ठेवले गेले. माहेरच्या गावात त्यांनी विहिरी नव्यानं मोजायला घेतल्या. प्रकाश बाटल्या भरून आणायचा, कॉलेजातली मुलं तपासायची. शेजारच्या गावांचे जुने आकडे आणि या गावाचे नवे, असं जोडून अर्ज पुन्हा गेला. त्याचं काय होईल हे अजून कोणालाच ठाऊक नाही. साहेब बदललेत, एवढीच प्रगती आहे.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला. “पाटील सर, भिंतीवर मजकूर लिहून राह्यलो. शुद्धलेखन पाहायले या.”

मी गेलो. त्यांच्या माहेरच्या ग्रामपंचायतीची भिंत, तिच्यापुढं टँकरचं पाणी साठवायची टाकी, टाकीशी घागरींची रांग. भिंतीवर पेंटर पांढऱ्यावर निळ्या रंगात कोष्टक काढत होता. डावीकडं विहिरींची नावं, वर वर्षं. मॅडम उन्हात स्टुलावर बसल्या होत्या. केस बरेच पिकले होते, आवाज तसाच.

“मॅडम, रंग किती दिवस टिकणार?” मी विचारलं. “तुम्ही तर कागदाचीसुद्धा परीक्षा घेता.”

“उडू द्या ना रंग. दर साली नवा खाना काढा लागते, तवा जुने आकडे बी गिरवतीन. ढगात हाय, डिस्कवर हाय, पण पाणी भरनारी बाई कोनता कॉम्प्युटर उघडून पाहीन? हे तिचं हाय, तिले रोज दिसलं पायजे.”

पेंटर जुन्या वर्षांच्या खान्यांपाशी येऊन थांबला. तिथं भरायला आकडेच नव्हते. “इथं रेघा मारू का?” त्यानं विचारलं. मॅडमनी पिशवीतून कागद काढून माझ्या हाती दिला. त्यावर लिहिलं होतं : ‘या वर्षांतही विहिरी मोजल्या होत्या. त्या नोंदी ग्रंथपाल सुमन तायडे यांच्या चुकीमुळे नष्ट झाल्या.’

“बरोबर हाय का, सर?”

मी वाचलं, पुन्हा वाचलं. दुरुस्त करण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. प्रकाशनं खांद्यावरून वाकून पाहिलं आणि तो अस्वस्थ झाला. “आत्या, हे काऊन? नाव कायले पायजे? ‘नोंद उपलब्ध नाही’ लिहा, भागलं.”

“तसं लिहिलं तं लोक समजतीन, मोजलंच नोतं. काळे सर उन्हात फिरले, पोरं फिरले. आन रिकामं ठेवलं तं उद्या येखादा साहेब म्हणीन, थ्या साली पाणी बरं असन.” त्या थांबल्या. “थ्याच साली तुह्या बापाचे पाय सुजाले लागले होते, प्रकाश.”

रांगेतल्या दोन बायका घागरी खाली ठेवून भिंतीकडं पाहू लागल्या.

“तायडे कोन, गावात कोनाले ठाव नाई,” पेंटर म्हणाला. “इथं तुमाले गवईची सुमन म्हणतात.”

“मंग दोनी लिही. लोकाइले वळखू आलं पायजे.”

पेंटरनं ब्रश बुडवला, भिंतीशी नेला आणि पुन्हा मागं घेतला. हळूच म्हणाला, “आत्याबाई, येवढी ओळ बारीक अक्षरात काढू?”

“वरच्यायेवढंच काढ,” मॅडम म्हणाल्या आणि रंगाचा डबा त्याच्यासाठी हातात धरून उभ्या राहिल्या.